खेळ करणाऱ्यांचे गाव

क्योटोला जाणारा माणूस देवळे पाहायला जातो. मीही पाहिली. सोन्याच्या वर्खाने मढलेले किन्काकुजी तळ्यात आपले रूप न्याहाळीत उभे होते आणि मी त्याच्यासमोर तीनशे माणसांच्या डोक्यांवरून ते न्याहाळीत होतो. फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानींखालून डोंगर चढताना गुडघ्यांनी वयाची आठवण करून दिली. पण देवळांवर लिहिणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत. मला सांगायचे आहे ते याच गावातल्या तीन इमारतींविषयी. त्यांपैकी एकीत आज हॉटेल आहे, दुसरीत परक्याला पाऊल टाकता येत नाही आणि तिसरीत शिरायला आधी अर्ज करून सोडतीत नाव निघावे लागते. तिन्ही इमारती एकाच कंपनीच्या, निदान एके काळच्या. कंपनीचे नाव निन्टेंडो, आणि तिचा धंदा खेळ करण्याचा.

हे नाव माहीत नसलेले घर आज विरळा. मिशीवाला, लाल टोपीचा, उड्या मारणारा मारिओ ज्यांनी पाहिला नाही त्यांनी घरातल्या कोणत्याही दहा वर्षांच्या मुलाला विचारावे. मुलगा तासभर बोलेल. मात्र हा मारिओ करतात कोण, सकाळी डबा घेऊन कुठे जातात, तिथे बसून नेमके काय करतात, हे विचारा. मुलगा गप्प बसेल. त्याचा बापही गप्प बसेल. गिरणी काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, बँक ठाऊक आहे, शाळा तर नको इतकी ठाऊक आहे. पण जिथे खेळ तयार होतात तिथले लोक काम करतात की खेळतात?

हा प्रश्न मला पडायला कारण झाली माझी एक जुनी विद्यार्थिनी. अकरावी-बारावीला ती माझ्या मराठीच्या तासाला असे. पुढे पुण्यातल्या असंख्य मुलामुलींप्रमाणे तिने जपानी भाषेच्या परीक्षा दिल्या, एकामागून एक पायऱ्या चढली आणि क्योटोतल्या एका लहानशा कंपनीत लागली. ही कंपनी निन्टेंडो नव्हे. दुसऱ्यांच्या खेळांतला मजकूर तपासून देणारी, कुणाला नावही ठाऊक नसलेली अशी ती एक कंपनी. २०२५ च्या मे महिन्यात मी क्योटोत उतरलो तेव्हा ती स्टेशनवर मला घ्यायला आली. वाकून नमस्कार केला तो जपानी होता की मराठी, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

"बाबा अजून विचारतात, तू तिथं करतेस काय?" ती म्हणाली. "मी सांगते, गेम तपासते. ते म्हणतात, म्हणजे खेळतेस! आणि त्याचा पगार देतात?"

"मग तू काय म्हणतेस?"

"काही नाही म्हणत, सर. त्यांना वाटतं मी मजेत आहे. वाटू दे."

तीन इमारतींची ही यात्रा आम्ही बरोबर केली.

पहिली इमारत कामो नदीच्या काठाजवळ, शोमेन नावाच्या गल्लीत आहे. लाकडी जुन्या घरांच्या रांगेत हे १९३० चे दगडी, युरोपीय थाटाचे घर एखाद्या सुटाबुटातल्या पाहुण्यासारखे उभे आहे. दाराशी जुनी पाटी अजून जपली आहे आणि तिच्यावर व्हिडिओचे नाव नाही, पत्त्यांचे आहे. कारण निन्टेंडोचा जन्म १८८९ सालचा. त्या वर्षी फुसाजिरो यामाउची या कारागिराने हानाफुदा नावाचे पत्ते करायला सुरुवात केली. अठ्ठेचाळीस पत्ते, बारा महिने, प्रत्येकाचे एक झाड वा फूल आणि प्रत्येकी चार पत्ते. पत्त्यांचा नाद जपानला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी लावला. पत्त्यांना जपानीत 'कारुता' म्हणतात, तो त्यांच्याच 'कार्ता' शब्दाचा अवतार. हे पोर्तुगीज आपल्या गोव्यावरूनच पुढे गेलेले. तेव्हा या गल्लीत उभे राहून मला अगदीच परके वाटले नाही.

हानाफुदाचा पत्ता करणे हे चिकाटीचे काम. कागदावर कागद चिकटवून जाडी आणायची, साच्यातून एकेक रंग भरायचा, वाळवायचा, कापायचा, मागचा कागद कडेवरून दुमडून घ्यायचा. पत्ता जुगारात वापरला जाई. कडेला एवढासा डाग राहिला तर तो खूण ठरणार आणि खूण ठरली की मारामारी. म्हणजे खेळ सुरू होण्याच्या आधी कुणीतरी अठ्ठेचाळीस पाठी डोळ्यांत तेल घालून सारख्या करीत बसलेला असे. खेळणाऱ्याला त्याचे नाव ठाऊक नसे. पत्ता नीट असला की तो कुणी केला हे कोण विचारतो?

"हे माझंच काम," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "डाग शोधायचे."

१९४९ साली फुसाजिरोचा पणतू हिरोशी यामाउची कंपनीचा मालक झाला, तेव्हा त्याने विशी नुकतीच ओलांडली होती. त्याने प्लास्टिकचे पत्ते काढले, डिस्नेची चित्रे छापली, टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भातही विकून पाहिला. पत्ते सोडले तर बाकीचे बहुतेक बुडाले. २००२ पर्यंत तो त्या खुर्चीवर होता. स्वतः तो खेळांच्या वाटेला फारसा जात नसे असे सांगतात; पण कोणता खेळ बाजारात जायचा हे मात्र तोच ठरवी. परीक्षकाने कविता लिहिली पाहिजे असे कुठे आहे?

त्याच्या कारखान्यात १९६५ साली गुन्पेई योकोई नावाचा वीज-इंजिनिअर तरुण लागला. काम काय, तर पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल. यंत्रे बिघडत नसत तेव्हा त्याला काही काम नसे. रिकामा बसण्यापेक्षा म्हणून त्याने जुन्या लिफ्टच्या जाळीच्या दारासारखा मिटणारा-उघडणारा एक लांब चिमटा केला. मालकाने ते पाहिले आणि बोलावणे धाडले. आता नोकरी गेली असे योकोईला वाटले असेल तर नवल नाही. मालकाने सांगितले, याचे खेळणे कर. १९६६ साली ते 'अल्ट्रा हँड' या नावाने निघाले आणि दहा लाखांवर खपले. देखभाल करणारा माणूस खेळणी करणारा झाला. कामाच्या वेळेत केलेल्या उद्योगाचे असे फळ आपल्याकडच्या कचेऱ्यांत मिळाल्याचे ऐकिवात नाही.

पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला गृहस्थ हिशेबाच्या यंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला त्याला दिसला. त्यातून १९८० चे खिशातले खेळ निघाले, आणि १९८९ साली 'गेम बॉय'. तेव्हाही रंगीत पडदे मिळत होते. योकोईने मुद्दाम करडा, जुना पडदा घेतला. स्वस्त पडतो, पडला तरी फुटत नाही, बॅटरी खूप चालते. नव्या तंत्राच्या मागे धावू नका, जुन्या, मुरलेल्या तंत्राचा वेगळाच उपयोग शोधा, असे त्याचे सूत्र होते. आपल्या आजीला हे सूत्र कुणी शिकवावे लागले नव्हते. जुन्या लुगड्यांची गोधडी याहून वेगळी काय असते?

दुसरी इमारत शहराच्या दक्षिणेला, कामितोबा भागात. तिथे जाऊन पाहण्यासारखे काही नाही हे मला आधीच सांगितले होते, आणि ते खरे निघाले. पांढरी, चौकोनी, स्वच्छ इमारत, वर लहानसे नाव, फाटकाशी पहारेकरी. मारिओचे चित्र नाही, रंग नाही, संगीत नाही. एखाद्या आयुर्विमा कचेरीसारखी शांत. दहा-पंधरा पर्यटक फाटकासमोर फोटो काढीत होते आणि पहारेकरी सवयीने दुसरीकडे पाहत होता. आत काय चालले असेल ते आम्ही रस्त्याच्या पलीकडल्या कठड्याशी उभे राहून, जे जगजाहीर आहे त्याच्या आधाराने, डोळ्यांसमोर आणले.

१९७७ साली या कंपनीत शिगेरू मियामोतो लागला. शिक्षण औद्योगिक कलेचे. १९८१ मध्ये अमेरिकेत कंपनीची एका फसलेल्या खेळाची यंत्रे पडून राहिली होती. त्या यंत्रांत बसेल असा नवा खेळ करायचे काम या पोरसवदा चित्रकाराकडे आले. त्यातून 'डाँकी काँग' झाला आणि त्यात मारिओ जन्मला. पडद्यावर त्याच्यासाठी चिमूटभर ठिपके मिळणार होते. तेवढ्यात तोंड काढता येईना, म्हणून मोठे नाक आणि खाली मिशी. केस काढता येईनात, म्हणून टोपी. हात हललेला दिसावा म्हणून खांद्यावर पट्टे असलेली कामगाराची विजार. नाव ठेवले ते कंपनीच्या अमेरिकेतल्या वखारीच्या घरमालकाचे. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसवला आहे. आजच्या फोनवरचे एक सामान्य छायाचित्र त्याच्या कितीतरी पट जागा खाते. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप एकाच आकाराचे केले. एक पांढरा रंगवला, एक हिरवा. चाळीस वर्षे मुले त्यांच्यावरून उड्या मारीत आहेत आणि बहुतेकांना पत्ता लागलेला नाही. वृत्तात बसवण्यासाठी शब्द बदलणाऱ्या आपल्या पंडितकवींना या लोकांनी पंगतीला घेतले असते.

त्या खेळाचे नकाशे मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी चौकटीच्या कागदावर काढले. त्याला संगीत दिले कोजी कोन्दोने. पण खेळ जिंकल्यावर पडद्यावर यांपैकी कुणाचेही नाव येत नाही. त्या काळी खेळ कुणी केला हे सांगायची रीतच नव्हती. अमेरिकेत अटारी कंपनीच्या वॉरन रॉबिनेट या कारागिराने 'ॲडव्हेंचर' नावाच्या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपले नाव लपवून ठेवले. मालकाला ते खेळ विकला गेल्यानंतर कळले. आमचे संतकवी शेवटच्या चरणात नाव गुंफीत, ती सोय या बिचाऱ्याला नव्हती.

"आता नावं येतात," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "शेवटी सरकत जातात, शेकडो. माझं एकदा आलं होतं. आईला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, कुठे गं? मी म्हटलं, दहा मिनिटं थांब."

मग तिने आपल्या दिवसाविषयी सांगितले. खेळातला सगळा मजकूर तक्त्यात असतो. ओळीला क्रमांक. जपानी एका रकान्यात, इंग्रजी दुसऱ्यात. जपानी वाक्याला कर्ता लागत नाही. एक हजार एकेचाळिसाव्या ओळीत नुसते 'किता' असते. म्हणजे आला? आली? आलो? कोण आले आणि कुठे, हे तक्ता सांगत नाही. मग खेळात शिरायचे, ती जागा गाठायची, कोण कुणाला म्हणतो ते पाहायचे. 'मी' म्हणायला जपानीत कितीतरी शब्द; उर्मट पोराचा 'मी' वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा, आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच. इतके करून वाक्य जमले की ते पडद्यावरच्या चौकटीत मावत नाही. दोन अक्षरे बाहेर येतात. पुन्हा पहिल्यापासून.

तिच्या शेजारी बसणारा मुलगा भिंती तपासतो. खेळातला माणूस प्रत्येक भिंतीला, प्रत्येक कोपऱ्यात, पुढून, पाठीने, उडी मारून धडकवायचा. कुठेतरी तो भिंतीत शिरतो. शिरला की लिहायचे: काय केले, काय झाले, पुन्हा केले तर पुन्हा होते का. दिवसभर भिंती. निन्टेंडोचीही असे काम करणारी वेगळी संस्था आहे, तिचे नाव मारिओ क्लब. नाव ऐकून वाटते, तिथे पोरे खिदळत असतील.

"मजा येते का गं?" मी विचारले.

"पहिला आठवडा येते. मग ते काम होतं. पण सर, कधी कधी एखादी ओळ अशी बसते, की..." तिने वाक्य सोडून दिले. मला ते कळले. मलाही कधी कधी एखादा तास असा जातो.

शेवटच्या महिन्यांत रात्री होतात. जपानी कायद्याने २०१९ पासून जादा कामाला सर्वसाधारणपणे महिन्याला पंचेचाळीस तासांची मर्यादा घातली आहे. पण खेळ तारखेला निघायचा असला की सगळ्यांच्या नजरा घड्याळापेक्षा कॅलेंडरकडे अधिक असतात. हेही चालते, ती म्हणाली. चालत नाही ते निराळेच. ते तिने तिसऱ्या इमारतीत सांगितले.

ही तिसरी इमारत उजी गावाजवळच्या ओगुरात आहे. १९६९ चा कंपनीचा जुना कारखाना. इथे पत्ते होत, पुढे बिघडलेली यंत्रे दुरुस्तीला येत. २ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे निन्टेंडोचे संग्रहालय आहे. मोठ्या माणसाला ३,३०० येन. सोडतीत आमची नावे निघाली हे माझे भाग्य. आयुष्यात दुसरी कुठलीही सोडत मला लागलेली नाही.

खालच्या मजल्यावर सगळा गलबला. एका दालनात जमिनीचाच पडदा केला आहे आणि तिच्यावर 'ह्याकुनिन इश्शू'चे पत्ते पसरतात. शंभर कवींच्या शंभर कविता, तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइकाने निवडलेल्या. कवितेचा पूर्वार्ध ऐकायचा आणि उत्तरार्धाचा पत्ता शोधायचा. निन्टेंडो आजही हे पत्ते करते. एवढी अवाढव्य कंपनी आणि एका कोपऱ्यात अजून कवितांच्या भेंड्या चालू! मराठीच्या मास्तराला याहून काय हवे? मी तिथे फार वेळ रेंगाळलो, एकही पत्ता सापडला नाही.

वरच्या मजल्यावर मात्र शांतता. फोटो काढायची मनाई. काचांमागे १८८९ पासूनच्या वस्तू ओळीने मांडलेल्या. लिहिलेले जवळजवळ काही नाही. वस्तू पाहा आणि पुढे जा. त्या ओळीत एक लाल-काळे, डोळ्यांना लावायचे यंत्र आहे. त्याचे नाव 'व्हर्च्युअल बॉय'. योकोईचेच. १९९५ साली निघाले आणि पार फसले. पाहणाऱ्यांची डोकी दुखत. वर्षभरात ते बंद झाले. पुढल्या वर्षी, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, योकोईने कंपनी सोडली आणि १९९७ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. वयाची साठीही झाली नव्हती. ज्याने जुन्या तंत्राची गोधडी शिवायला शिकवले, त्याला नव्या तंत्राने दगा दिला.

त्या काचेशी उभे राहून मी काहीतरी हळहळीचे बोललो असेन. ती म्हणाली, "पण सर, हे निदान काचेत आहे."

आणि मग तिने सांगितले. दोन वर्षे ती एका खेळावर काम करीत होती. कुणाचा, ते सांगायचे नाही. तशी सही दिली आहे. एका सोमवारी सकाळी सगळ्यांना खोलीत बोलावून सांगण्यात आले, की खेळ बंद केला. संपला नाही, बंद केला. बाहेर कधी जाहीरच झाला नव्हता, त्यामुळे बंद झाल्याचेही जाहीर होणार नाही. नाव सांगायचे नाही, गोष्ट सांगायची नाही, अर्जात लिहायचे नाही. दुपारी संगणकावरून तक्ते गेले. नऊ हजार ओळी.

"कवीची वही छापली नाही गेली तरी तो मित्राला वाचून दाखवतो," ती म्हणाली. "तुम्हीच एकदा वर्गात सांगितलं होतं. मला तेही करता येत नाही."

मला यावर बोलायला सुचले नाही. ज्या कंपनीच्या छपराखाली आम्ही उभे होतो तिचीच एक गोष्ट मला ठाऊक होती. ती मी सांगितली, ते सांत्वन होते की नाही कोण जाणे. सातोरू इवाता हा मूळचा खेळ लिहिणारा कारागीर; २००२ मध्ये तो निन्टेंडोचा प्रमुख झाला. २०१२ चे 'वी यू' हे यंत्र बाजारात पडले. माणसे कमी करा, असे भागधारकांचे म्हणणे. इवाताचे उत्तर असे, की ज्याला उद्याच्या नोकरीची धास्ती आहे त्याच्या हातून लोकांना रिझवणारा खेळ होणार नाही. २०१४ च्या आरंभी त्याने स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला, इतर संचालकांनीही आपले कमी केले. माणसे राहिली. इवाता २०१५ च्या जुलैत वारला; त्याच माणसांच्या हातून २०१७ मध्ये 'स्विच' निघाले आणि कंपनी पुन्हा वर आली. आणि दुसरीकडे जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळांच्या विभागातून १,९०० माणसे एका दमात काढली, पुढल्याच महिन्यात सोनीने ९००. दोन्ही कंपन्या काही कंगाल नव्हत्या.

"इवाता-सान सगळ्यांना माहीत आहेत," ती म्हणाली. "पण पगारावरच्या माणसांसाठी ते. आम्ही करारावर. वर्षावर्षाचा करार. पाच वर्षं ओलांडली तर कायमचं करा म्हणून मागता येतं, तसा इथे कायदा आहे. माझी चार झाली."

"मग पाचवीला?"

"पाचवीला कळेल."

संग्रहालयात हानाफुदा करायला शिकवतात, वेगळी फी घेऊन. आम्ही बसलो. साचा ठेवायचा, रंग भरायचा, साचा उचलायचा, पुढला ठेवायचा. माझ्या पत्त्यावरचा चंद्र डोंगर सोडून शेजारच्या माणसाच्या बाजूला गेला. ती मात्र न बोलता काम करीत होती. प्रत्येक साचा ठेवल्यावर पत्ता उजेडात धरी, रेषेबाहेर रंग गेला नाही ना पाही, मग पुढला घेई. शिकवणाऱ्या बाईने जवळ येऊन तिचा पत्ता उचलला, पाठपोट पाहिला आणि जपानीत काहीतरी म्हटले. ती लाजली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, या धंद्यात आहात का."

ओगुरा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मी तिला विचारले, नव्या करारावर सही करणार का? करणार, ती म्हणाली. नवा खेळ आला आहे आणि त्यात माणसे खूप बोलतात. एक म्हातारी तर फारच गोड बोलते. तिच्या एका शब्दाला इंग्रजी शब्द शोधण्यात तिचे अकरा दिवस गेले, आणि परवाच तो सापडला.

"कुठला शब्द?" भाषेचाच मास्तर मी, न राहवून विचारले.

ती हसली आणि नकारार्थी मान हलवली. गाडी आली.